फोनाफोनांतले गडगे : हरिहरेश्वर किनाऱ्यावरील निरोपांची आणि छायाचित्रांची तीन दशके

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर वसलेले आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या आश्रयाने असलेले हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते, आणि श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजेच पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथाच्या कुळाचे, ते कुलदैवत आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, मासेमारी आणि अलीकडच्या काळात पर्यटन यांवर जगणाऱ्या या परिसरातील बहुतेक घरांतील कोणी ना कोणी मुंबईत, पुण्यात किंवा आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेले असते. त्यामुळे गावाकडचा निरोप बाहेर पोहोचवणे आणि बाहेरच्याची खुशाली गावात येणे ही इथली नित्याची गरज राहिली आहे. १९९० नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत ही गरज ट्रंक कॉलपासून स्मार्टफोनपर्यंत आली. हा प्रवास सहसा यंत्रांच्या प्रगतीची कहाणी म्हणून सांगितला जातो. यंत्रे सुधारली हे खरेच. परंतु एका कंपनीच्या यंत्राने दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलावे की नाही, आणि बोलायचे तर कोणाच्या नियमाने, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर अधिक निर्णायक ठरला. श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर या काळात घडलेल्या काही घटना एकापुढे एक ठेवल्या की तो प्रश्न कसा बदलत गेला हे स्पष्ट दिसते.

निरोपाला तार, चित्राला एस.टी.

मोबाइल येण्यापूर्वीच्या काळात यंत्रांच्या भिन्नतेचा प्रश्न जवळजवळ नव्हताच, कारण तार, टपाल आणि टेलिफोन ही तिन्ही साधने सरकारी खात्यांकडे होती. तबकडीचा फोन असो की बटणांचा, गावातील एक्स्चेंजमधून निघालेला कॉल देशातील कोणत्याही फोनवर वाजत असे, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जागोजागी दिसू लागलेल्या पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओंनी ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनाही ही सोय मिळवून दिली. आवाज आणि शब्द यांना असे सार्वजनिक जाळे लाभले होते; चित्राला मात्र हातानेच प्रवास करावा लागे.

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी हरिहरेश्वरच्या उत्तरेस असलेल्या दिवेआगर येथे एका वाडीत खोदकाम चालू असताना तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. ही वार्ता फोनने मुंबईला त्वरित पोहोचू शकत होती, परंतु मुखवटा कसा दिसतो हे पाहायचे तर वर्तमानपत्राचा अंक हाती येण्याची, कोणी स्टुडिओतून धुऊन आणलेली प्रत दाखवण्याची किंवा स्वतः एस.टी. धरून दिवेआगरला जाण्याची वाट पाहावी लागत होती. रिळावर टिपलेले छायाचित्र रसायनात धुऊन कागदावर उतरले की ती एक वस्तू होई. तिच्या प्रती काढता येत, पण त्यासाठी मूळ फिल्म, स्टुडिओ आणि पैसे लागत. निरोप आणि चित्र यांच्या वेगातील ही दरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बुजली, आणि ती बुजवताना यंत्रायंत्रांतील नवे भेद उभे राहिले.

एकशे साठ अक्षरांचा करार

भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाला. ज्या जीएसएम पद्धतीवर हे जाळे उभे होते ती युरोपातील दूरसंचार खात्यांनी १९८२ पासून एकत्र बसून ठरवलेली प्रमाणपद्धती होती, आणि तिच्याच पोटात एसएमएसची, म्हणजे लघुसंदेशाची, तरतूद होती. फोन आणि मनोरा यांच्यात कॉल जुळवण्यासाठी सतत सांकेतिक देवाणघेवाण चालते, त्या वाहिनीतील रिकाम्या जागेतून १४० बाइट इतका मजकूर पाठवावा अशी ही योजना होती. रोमन लिपीचे एक अक्षर सात बिटांत मावत असल्याने १४० बाइटांत १६० अक्षरे बसत. ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी पहिला एसएमएस गेला खरा, परंतु त्याच देशात एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे एसएमएस पाठवता येण्यास १९९९ साल उजाडावे लागले. प्रमाणपद्धती एकच असूनही कंपन्यांनी आपापसांत करार केल्याशिवाय निरोप वेस ओलांडत नाही, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

मराठीच्या वाट्याला या व्यवस्थेत आखूड जागा आली. देवनागरीची चिन्हे सात बिटांच्या कोष्टकात नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाला सोळा बिट द्यावे लागत, आणि एका संदेशातील जागा १६० वरून ७० चिन्हांवर येई. त्यातही काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह मोजले जात असल्याने ‘हरिहरेश्वर’ हे वाचणाऱ्याला सहा अक्षरांचे नाव यंत्राच्या हिशेबी दहा चिन्हांचे होते. शिवाय पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये देवनागरीची सोय असली तरी घेणाऱ्याच्या फोनमध्ये ती नसेल, तर पडद्यावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांची ओळ उमटत असे. म्हणून २००० नंतरच्या दशकात गावाकडचे आणि मुंबईकडचे बहुसंख्य मराठी लोक रोमन अक्षरांत मराठी लिहू लागले. फोन कोणत्याही कंपनीचा असला तरी तेवढे तरी खात्रीने वाचले जाई. बीएसएनएलची मोबाइल सेवा १९ ऑक्टोबर २००२ रोजी सुरू झाली आणि ज्या आडगावांकडे खासगी कंपन्यांचे लक्ष उशिरा वळले, तिथेही हळूहळू मनोरे उभे राहिले.

याच सुमारास रिलायन्सने सीडीएमए या निराळ्या पद्धतीवर स्वस्त फोन बाजारात आणले. जीएसएममध्ये ग्राहकाची ओळख सिमकार्डात असते आणि ते काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालता येते. सीडीएमएच्या त्या सुरुवातीच्या हँडसेटांत मात्र ओळख फोनमध्येच कोरलेली असे, त्यामुळे कंपनी बदलायची म्हणजे फोनही बदलायचा. तरीही या दोन पद्धतींमध्ये कॉल आणि एसएमएस ये-जा करत असत, कारण जाळ्यांच्या जोडणीचे नियम सरकारने आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, घालून दिलेले होते. यंत्रे परस्परांपासून कितीही वेगळी असली तरी जोडणीचा नियम सार्वजनिक असेल तर वापरणाऱ्याला त्या वेगळेपणाची झळ लागत नाही, हे त्या काळात दिसून आले.

चित्राला वाट मिळते, पण कोणाकडे?

कॅमेरा फोनमध्ये शिरला आणि हे समीकरण बिघडले. २००२ मध्ये युरोपात सुरू झालेली एमएमएस सेवा ही एसएमएसचीच चित्रवाहू आवृत्ती होती : पाठवलेला फोटो कंपनीच्या केंद्रात साठवला जाई आणि घेणाऱ्याचा फोन तो तिथून उतरवून घेई. त्यासाठी दोन्ही फोनांत एमएमएसची सोय, दोन्हीकडे जीपीआरएस म्हणजे मोबाइल इंटरनेट चालू, आणि दोन्हीकडे कंपनीने पाठवलेल्या सेटिंग्ज अचूक बसलेल्या असणे आवश्यक होते; यांतील एक जरी दुवा निखळला तर चित्राऐवजी एखादा संकेतपत्ता आणि पासवर्ड लिहिलेला कोरडा संदेश पदरी पडे. दर एसएमएसपेक्षा बरेच जास्त आणि भरवसा कमी, अशा स्थितीत एमएमएस भारतात कधीच रुळला नाही.

त्याची जागा ब्लूटूथ आणि मेमरी कार्ड यांनी घेतली. एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ब्लूटूथच्या कामाला १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी मिळून सामायिक प्रमाणपद्धतीचे रूप दिले, आणि त्यामुळे नोकियाच्या फोनवरून सॅमसंगच्या किंवा एखाद्या बिननावाच्या चिनी फोनवर, दहा-एक मीटरच्या अंतरात, कोणाचीही परवानगी आणि पैसा न लागता फोटो जाऊ लागला. लग्नात, जत्रेत, देवळाच्या आवारात ‘ब्लूटूथ चालू कर’ हे वाक्य ऐकू येऊ लागले. तालुक्याच्या बाजारपेठेतील मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत कार्डावर गाणी आणि चित्रे भरून मिळत. ही देवघेव समोरासमोरची होती. मुंबईतल्या भावाला फोटो दाखवायचा तर तो गणपतीला किंवा शिमग्याला गावी येईपर्यंत थांबावे लागे. पण जी होती ती कोणत्याही फोनवर चालणारी होती.

या समतेला पहिला मोठा तडा आयफोनने दिला. कोकणातील वाड्यांच्या सीमेवर दगड रचून जो गडगा घातलेला असतो, तो आतल्या झाडांचे रक्षण करतो आणि शेजाऱ्याची वाटही अडवतो. ॲपलने आपल्या फोनभोवती अगदी असाच गडगा रचला. २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात विक्रीस आलेल्या या फोनमध्ये ब्लूटूथ होते, परंतु त्यावरून इतर फोनांना फोटो पाठवता किंवा त्यांच्याकडून घेता येत नसे. एमएमएसचीही सोय त्यात २००९ पर्यंत नव्हती. ब्लॅकबेरीचा मेसेंजर २०१३ पर्यंत ब्लॅकबेरीवाल्यांपुरताच होता, तर ऑक्टोबर २०११ मध्ये आलेला ॲपलचा आयमेसेज आजही ॲपलच्या यंत्रांपुरताच आहे. श्रीवर्धन परिसरात हे महागडे फोन त्या काळी विरळच होते, तरी पर्यटकांच्या हातांतून ते इथे पोहोचले.

२४ मार्च २०१२ च्या पहाटे दिवेआगरच्या मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांची हत्या झाली आणि सुवर्णगणेशाचा मुखवटा चोरीस गेला. १९९७ च्या तुलनेत या वेळी बातमी कित्येक पटींनी वेगाने पसरली. मोबाइल घरोघरी आले होते, वृत्तवाहिन्या दिवसभर चालत होत्या. परंतु गावपातळीवर बहुतेकांच्या हाती टूजीचे जाळे आणि बटणांचा फोन होता, त्यामुळे चित्र पाहायचे ते प्रामुख्याने दूरचित्रवाणीवर. निरोप आता प्रत्येकाच्या खिशात येत होता. चित्र अजून बैठकीच्या खोलीपर्यंतच आले होते.

एकाच दाराने सगळे

हा अडसर व्हॉट्सॲपने दूर केला. याहू कंपनीत पूर्वी काम केलेल्या जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये उभ्या केलेल्या या सेवेचे भारतातील यश तिच्या देखणेपणात नव्हते. आयफोनवर सुरू झालेली ही सेवा लवकरच ब्लॅकबेरी, सिम्बियन, अँड्रॉइड आणि नोकियाच्या साध्या एस-४० फोनांवरही चालू लागली, आणि ओळख म्हणून तिने फक्त मोबाइल क्रमांक मागितला. ई-मेल पत्ता नाही, पासवर्ड नाही. ज्याचा नंबर सेव्ह आहे तो आपोआप यादीत दिसणार, मग त्याचा फोन कोणताही असो. त्यातच अनिष्ट जाहिरातींना आळा घालण्यासाठी ट्रायने सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, जी नोव्हेंबरमध्ये २०० करण्यात आली, आणि दिवाळीसारख्या सणांच्या दिवशी कंपन्यांच्या सवलतीच्या एसएमएस योजना लागू होत नसत. सणासुदीला सगळ्या गोतावळ्याला शुभेच्छा धाडणाऱ्या मराठी कुटुंबांना एसएमएस सोडून जाण्यासाठी एवढे कारण पुरेसे होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा जवळजवळ फुकट झाला, आणि सप्टेंबर २०१८ पासून जिओच्या बटणांच्या फोनवरही व्हॉट्सॲप चालू लागले, तेव्हा गावातील शेवटचे घरही या दारातून आत आले.

लिपीचा प्रश्नही याच दशकात सुटला. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक आहे, आणि स्मार्टफोनांनी ती स्वीकारल्यावर एका फोनवर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर चौकोन न होता मराठीच राहू लागले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’सारख्या कळफलकांनी देवनागरीतून लिहिणे सोपे केले, आणि केंद्र सरकारने देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर सर्व अधिकृत भारतीय भाषा वाचता येण्याची सोय बंधनकारक केली. ज्यांना टंकनाची सवय नव्हती त्यांच्यासाठी २०१३ मध्ये आलेली ध्वनिसंदेशाची सोय मोलाची ठरली. बटण दाबून धरायचे आणि बोलायचे, इतके ते सोपे होते.

हरिहरेश्वरातील पर्यटन व्यवसायाची घडी यातून बदलली. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांचे गिऱ्हाईक पूर्वी फलक पाहून किंवा ओळखीतून येई. आता पुण्याहून निघण्यापूर्वीच ‘रूमचे फोटो टाका’, ‘लोकेशन पाठवा’, ‘मोदक मिळतील का’ असे निरोप येतात, आणि त्याच संवादात ओहोटी किती वाजता आहे हेही विचारले जाते, कारण मंदिरामागच्या टेकडीला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग खडकाच्या फटीतील पायऱ्यांनी उतरून थेट समुद्रालगतच्या कातळावर येतो आणि भरतीच्या वेळी तो धोक्याचा असतो. लाटांनी जाळीदार कोरलेल्या त्या कातळावर सहा-सात जणांचा गट उभा राहतो, ज्याचा कॅमेरा चांगला त्याच्याकडे फोटोंचे काम येते, आणि संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत ते सर्वांना हवे असतात. इथे यंत्रभेद पुन्हा डोके वर काढतो. सप्टेंबर २०१७ पासून आयफोन छायाचित्रे एचईआयसी नावाच्या नव्या साच्यात साठवू लागला. १९९२ पासून रुळलेल्या जेपीईजी साच्यापेक्षा त्याला जागा कमी लागते, परंतु अनेक अन्य फोनांना आणि संगणकांना तो उघडता येत नसे. व्हॉट्सॲप पाठवतानाच त्याचे जेपीईजी करते म्हणून वापरणाऱ्याला ही अडचण जाणवतही नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते : ४०३२ गुणिले ३०२४ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक कोटी वीस लाख बिंदूंचे चित्र साध्या पाठवणीत लांब बाजूला १६०० बिंदूंच्या आसपास आणले जाई, आणि त्यात वीस लाखांहूनही कमी बिंदू उरत. जाणकार पर्यटक म्हणूनच ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असे सांगतात, कारण तसे केल्यास फाइल जशीच्या तशी जाते. एचडी दर्जाचा पर्याय कंपनीने दिला तो ऑगस्ट २०२३ मध्ये.

बिंदूंबरोबर आणखी एक गोष्ट गळून पडते. मूळ फाइलमध्ये चित्र कधी, कुठे आणि कोणत्या यंत्राने टिपले याची नोंद असते. साध्या पाठवणीत ती नोंद काढून टाकली जाते. खासगीपणाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे, परंतु असे चित्र हातोहात पुढे गेले की त्याला ना गाव राहते ना तारीख.

अफवा, वादळ आणि नौका

गाव-तारीख नसलेल्या निरोपाचे भीषण रूप महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरून पसरलेल्या अफवांमुळे बिथरलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फोनाफोनांतील सर्व भेद मिटवून निरोप विनासायास धावू लागला की त्याला कुठे तरी अडवावेही लागते, आणि हे अडवणे आता ट्रायच्या अखत्यारीत नव्हे तर एका परदेशी कंपनीच्या हाती होते, हा बदल या मर्यादेतून प्रथमच ठळकपणे समोर आला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर ते अलिबाग या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले. वाड्यांमधील पोफळी मुळासकट उन्मळल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोलमडले. अनेक गावांत वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. कोविडच्या टाळेबंदीमुळे जिल्ह्यांच्या सीमा ओलांडण्यावर निर्बंध असल्याने मुंबईतील चाकरमान्यांना गावी धाव घेणेही सोपे नव्हते, आणि आपल्या घराचे काय झाले हे कळण्याचे साधन म्हणजे रेंज असलेल्या जागी जाऊन कोणी पाठवलेला फोटो. इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेचे सामर्थ्य मनोऱ्यावर किती अवलंबून असते हे त्या आठवड्यांत उघडे पडले. मनोरा बंद असताना कामी येते ती फोनावरून फोनावर थेट पाठवणी, आणि नेमकी तीच त्या वेळी सर्वांत विस्कळीत होती : आयफोनकडे २०१३ पासून एअरड्रॉप होते, परंतु ते ॲपलच्या यंत्रांपुरते, अँड्रॉइड फोनांत कंपनीगणिक निरनिराळ्या सोयी होत्या, आणि सर्वांना सांधणारी म्हणून लोकप्रिय झालेली शेअरइट आणि झेंडर ही ॲप चिनी होती. ही ॲप एका फोनला तात्पुरते वायफाय केंद्र बनवून दुसऱ्याला त्याला जोडत आणि इंटरनेटशिवाय मोठ्या फाइली पोहोचवत. भारत आणि चीन यांच्या सैन्यांत गलवान येथे झालेल्या चकमकीनंतर, २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तीत ही दोन्ही होती. गुगलची ‘निअरबाय शेअर’ ही अँड्रॉइडमधील अंगभूत सोय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. आयफोन तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यालगत ‘लेडी हान’ नावाची एक बेवारस नौका आढळली आणि तीवर तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. १९९३ च्या सुरुवातीला जवळच्याच शेखाडी येथे मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरवली गेली होती, त्यामुळे या किनाऱ्यावर शस्त्रे सापडणे ही बातमी साऱ्या राज्याला हादरवणारी होती. १९९३ मध्ये किनाऱ्यावर कोणाच्याही खिशात कॅमेरा नव्हता. २०२२ मध्ये नौकेची आणि शस्त्रांची छायाचित्रे त्याच दिवशी वाहिन्यांवर आणि मोबाइलवर सर्वदूर गेली. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत माहिती दिली की नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जात होती, जूनच्या अखेरीस तिचे इंजिन बिघडले, एका कोरियन युद्धनौकेने तीवरील लोकांना सोडवले आणि सोडून दिलेली नौका प्रवाहाबरोबर वाहत इथवर आली. १९९७ मध्ये चित्र बातमीच्या मागून आले होते, २०२२ मध्ये ते खुलाशाच्या पुष्कळ पुढे धावले.

नियम कोणाचा

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हाच यंत्रभेद वेगळ्या रूपात भेटतो. तिथे आयफोनचा वापर मोठा असल्याने फोनमधील मूळ संदेशसेवाच चालते. आयफोनवर आयफोनधारकाला पाठवलेले निरोप निळ्या चौकटीत आणि अँड्रॉइडवाल्याला पाठवलेले हिरव्या चौकटीत दिसतात, आणि गटात एक जरी अँड्रॉइड फोन असला की वर्षानुवर्षे फोटो एमएमएसच्या जुन्या वाटेने, धूसर होऊन जात असत. सप्टेंबर २०२२ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात, आईला नीट व्हिडिओ पाठवता येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या श्रोत्याला ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी आईला आयफोन घेऊन देण्याचा सल्ला दिला होता. कोकणात आईवडील असलेल्या घरांना हा सल्ला लागू पडण्यासारखा नव्हता, आणि म्हणूनच न्यू जर्सीची मुलगी आणि श्रीवर्धनची आई यांच्यातला दुवा व्हॉट्सॲपच राहिला.

ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये आरसीएस ही एसएमएसची वारसदार प्रमाणपद्धती आयफोनवर आणली, तीत मोठे फोटो आणि वाचल्याची खूण दोन्ही प्रकारच्या फोनांत जाऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल १० या आपल्या फोनवरून थेट एअरड्रॉपला फाइल देण्याची सोय जाहीर केली. युरोपीय संघाने तर कायद्यानेच व्हॉट्सॲपला इतर सेवांसाठी दार किलकिले करायला लावले. भारतात मात्र आरसीएसची ओळख झाली ती नको असलेल्या जाहिरातींमुळे, इतकी की २०२२ मध्ये गुगलला त्या थांबवाव्या लागल्या.

याउलट पैशांच्या बाबतीत भारताने वेगळा मार्ग धरला. राष्ट्रीय भुगतान निगमने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआयमध्ये कोणत्याही ॲपवरून कोणत्याही बँकेत पैसे जातात, कारण जोडणीचा नियम एका सामायिक संस्थेने सर्वांसाठी केला. हरिहरेश्वरात खोलीची आगाऊ रक्कम पाठवणारा पर्यटक आणि ती घेणारा घरमालक यांचे फोन, ॲप आणि बँका वेगवेगळ्या असल्या तरी व्यवहार अडत नाही; पण पैसे पोहोचल्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा तर दोघेही एकाच कंपनीच्या दारात उभे असावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने खासगीपणाचे धोरण बदलले तेव्हा अनेकांनी सिग्नलसारख्या सेवांकडे मोर्चा वळवला, परंतु गोतावळा आणि गिऱ्हाईक जुन्याच जागी असल्याने बरेच जण परतले. त्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला.

तीन दशकांचा हा हिशेब मांडला तर एसएमएस, ब्लूटूथ, जेपीईजी, युनिकोड आणि यूपीआय यांत एक समान धागा दिसतो : त्यांचा नियम सामायिक होता, म्हणून यंत्रांची विविधता वापरणाऱ्याच्या आड आली नाही. व्हॉट्सॲपने फोनाफोनांतले गडगे पाडले आणि हरिहरेश्वरसारख्या गावाला त्याचा अपार लाभ झाला, परंतु ते पाडताना त्याने सगळ्या वाड्यांना मिळून एकच मोठा गडगा घातला, आणि त्याचे बेडे, म्हणजे आत-बाहेर करण्याची वाट, आजही एकाच मालकाच्या ताब्यात आहे. पैशासाठी जो सार्वजनिक नियम या देशाला करता आला, तो निरोपासाठी करायचा की नाही, हा तंत्रज्ञानाचा नव्हे तर धोरणाचा प्रश्न आहे. आणि ज्या घरमालकाची दहा वर्षांची गिऱ्हाइके, त्यांचे निरोप आणि फोटो एका ॲपमध्ये साठले आहेत, त्याच्या दृष्टीने तो उपजीविकेचाही प्रश्न आहे.